साडूंच्या ब्रेकला तेलाचा हात

लोखंडाला आमच्या साडूंइतका जीव लावणारा आणि लोखंडाने इतक्यांदा तोंडघशी पाडलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात तीस वर्षं काढून ते परतूरला घरी बसले, तेव्हापासून मेकॅनिक लोकांची त्यांना कीव येते. स्वतःच्या जुनाट गाडीला ते टिचकी मारतात, कान लावतात आणि निदान सांगतात. "लोखंड बोलतं, साडू. ऐकणारा पाहिजे," असं मला नेहमी सुनावतात. बायकोचं बोलणं मात्र त्यांना ऐकू येत नाही.

ब्रेक दाबला की गाडी थरथरते, असं ताई, म्हणजे त्यांची बायको, वर्षभर सांगत होती. शेवटी बाजाराच्या दिवशी गाडी थांबायची तिथे थांबली नाही, कांद्याच्या ढिगात शिरली. ताई उतरली, पदरावरची टरफलं झटकली आणि म्हणाली, "आता ह्या गाडीत मी बसणार न्हाई." तेव्हापासून ती आष्टीला माहेरी एसटीने जाते आणि साडू रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागे मागे.

तिला परत शेजारी बसवायचं म्हणून त्यांनी पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क स्वतःच बदलायला घेतल्या. गंजून चिकटलेल्या जुन्या डिस्क काढायला दोन दिवस हातोडा चालला. गल्लीने दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं. नवी डिस्क पुसून कोरडी करून बसवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कारखान्यात नवा रोल, म्हणजे सळई लाटायचा लोखंडी रूळ, चढवताना हळदकुंकू वाहून तेल लावायची रीत. साडूंनी दोन्ही डिस्कना हळदकुंकू वाहिलं आणि वरून गोडेतेलाचा हात फिरवला. "नवं लोखंड कोरडं कामाला लावू न्हाई," ते म्हणाले, आणि मीही भाविकपणे हात जोडले. ताई ओट्यावर उभी राहून बघत होती. साडूंनी ऐटीत गाडी काढली, ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत गेली. ताई आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साडू आपल्या पायांनी चौकातल्या मेकॅनिककडे गेले. त्याने तेल प्यालेले पॅड फेकून नवे घातले, डिस्क पेट्रोलने पुसल्या आणि पोट धरून हसला. साडू खाली मान घालून उभे होते. मला राहवलं नाही.

"काय साडू, तीस वर्षांचं लोखंड कुठं गेलं?"

"मी एकटा असतो तं मीच बसवल्या असत्या पुन्हा," ते हळूच म्हणाले. "पण बाजूला ती बसणार हाय."

रविवारी ताई पुढच्या सीटवर बसली. गाडी बिलकुल बराबर थांबत होती. मी थट्टेची चांगली तयारी करून गेलो होतो, पण ती तशीच परत घेऊन आलो. बायकोसाठी एवढी मान मी आयुष्यात कधी खाली घातलेली नाही.