धाकटीची लेक

मोडलेलं मनगट ओढणीत बांधून धाकटी बहीण गाडीत माझ्या शेजारी बसली होती आणि बारामती येईपर्यंत एकच विचारत होती, "आक्का, धार काढता ईल न्हवं मला?"

"ईल की," मी म्हणत होते. मला तरी काय माहीत?

गोठ्यात पाय घसरून ती हातावर टेकली, एवढंच झालं होतं. तेवढ्यानं हाड मोडावं याचं मला नवल वाटत होतं. आम्हा दोघींची हाडं एकाच घरच्या ज्वारीवर वाढली. पुढं मला दिलं माळेगावला, पाटाच्या पाण्यावरच्या उसात. नवरा कारखान्यात नोकरीला. तिला दिलं इंदापूर तालुक्यातल्या जिरायतीत. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आता तिच्या दावणीला दोन गाई आहेत. नवरा गेल्यापासून डेअरीच्या दुधावरच तिचं चालतं आणि धार काढायला तिच्याशिवाय कुणी नाही.

दवाखान्यात केसपेपर करणाऱ्या मुलीनं वय विचारलं. "लिव की बाई तूच, बगून," धाकटी म्हणाली. मुलीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काहीतरी लिहिलं. मी मोबाइलमध्ये होते.

डॉक्टर तरुण होता, घाईतला. एक्स-रे उजेडाला धरून तो माझ्याकडं वळला. "तुमच्या आईंची हाडं फार ठिसूळ झालीत."

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. साठी ओलांडलेल्या बाईला कुणी कुणाची लेक समजतं का हल्ली? माझा हात आपसूक केसांकडं गेला. नुकतेच रंगवले होते. मग लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे ती. लहानपणी माझ्या कडेवर असायची. पण आता दुरुस्त करायचं म्हणजे डॉक्टर दोघींकडं आळीपाळीनं बघणार, आणि ते मला नको होतं.

तेवढ्यात धाकटीच बोलली, "व्हय, लेक हाय माजी."

"आजींना प्लास्टर घालू," डॉक्टर म्हणाला. "हात जरा वाकडा जुळेल, पकड कमी राहील. पण या वयात भूल देऊन आत प्लेट कशाला टाकायची? आता काय, बसून खायचं."

वाटभर धार धार करणारी ही बाई मान खाली घालून गप्प बसली. तिचा हात जाणार होता, तिच्या गाई जाणार होत्या, आणि मी तिची लेक होऊन शेजारी उभी होते. सिस्टरनं प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवायला घेतल्या, तेव्हा कुठं मला कंठ फुटला.

"डॉक्टर, ही माझी आई नाही. धाकटी बहीण आहे. अजून साठीही झाली नाही तिची. रोज दोन वेळा धार काढते ती, त्यावरच घर आहे तिचं."

त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलंच. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "पाळी कधी गेली, मावशी?"

"पिशवी काढली न्हवं का सायेब. पोरं ल्हान व्हती तवाच."

अंगावरून जायचं तिच्या. त्या वयात माझ्याही जायचं, आमच्या आईकडूनच आलं असणार. मला पुण्याला नेलं, औषधं सुरू केली, जावेनं मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. तिला रोजगार बुडवून अंथरुणावर पडणं जमणारं नव्हतं. तिकडच्या कुठल्याशा दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.

"पिशवीबरोबर बीजकोशही काढलेले दिसतात," डॉक्टर म्हणाला. "हाडांना धरून ठेवणारं हार्मोन तिथूनच येतं. यांचं तरुणपणीच तुटलं. तुमचं पन्नाशीपर्यंत चालू असेल."

चालू होतं. आणि बंद झालं तेव्हा अंगातून वाफा निघतात म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. बेडरूमला एसी बसला, डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, सुना हळू आवाजात बोलायच्या. धाकटीच्या अंगातून या वाफा ऐन तरुणपणी निघाल्या असतील, दुसऱ्याच्या रानात, उन्हात. तिनं कुणाला सांगितलं असेल? मला तर नाही. ती माझ्या समोर बसली होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

त्यानं प्लास्टर बाजूला ठेवलं. प्लेट टाकली, हाडांसाठी इंजेक्शनं सुरू केली. हात जुळेपर्यंत तिच्या गाई मी आमच्या गोठ्यावर आणून ठेवल्या. आमच्या गड्यानं त्या सांभाळल्या. मी त्यातलं काही केलं नाही.

परवा तिच्याकडं गेले तेव्हा ती धार काढत होती. बोटं अजून मध्येच थांबतात, पण मूठ वळते. बराच वेळ बघत उभी राहिले आणि शेवटी विचारलं, "त्या दिवशी लेक हाय असं का म्हणालीस गं? हात गेला असता की."

तिनं गाईच्या पोटाला टेकलेलं डोकं उचललं नाही.

"तुजं त्वांड बगितलं मी," ती म्हणाली. "डॉक्टर आई म्हणला तवा लई खूस झालीस तू. म्हणलं, ऱ्हाऊ दे."