सरांचे दोन पुठ्ठे

आमच्या फोटोग्राफी मंडळात चांगले फोटो वर्षाला दोन-चार निघायचे, किस्से मात्र दर रविवारी. रोलचे दिवस जाऊन डिजिटल आलं तरी ते साठतच राहिले. आता चौघं भेटलो की तेच सुरू होतात, आणि सांगताना माझी छाती थोडी फुगतेच.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही जमायचो. सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग टीचर. मिठाईच्या खोक्यातून काटकोनात कापलेले दोन पुठ्ठे ते खिशात बाळगायचे. फोटोवर समोरासमोर ठेवले की मधे चौकट व्हायची. सर ती सरकवत, लहान करत आणि नको तो भाग झाकून टाकत. मग पेन्सिलची रेघ आणि कटर! त्यातून अख्खा सुटलेला फोटो कुणी पाहिला नव्हता.

* * *

मी बँकेत कारकून. पहिल्या रविवारी मोठ्या ऐटीत रंकाळ्याचा सूर्यास्त घेऊन गेलो. पुठ्ठ्यांची चौकट सरकत सरकत काड्यापेटीएवढी झाली. आत उरली एक होडी.

सर म्हणाले, "एवढा फोटो तुझा. बाकीची फिल्म फुकट गेली."

ती होडी अजून माझ्या पाकिटात आहे.

* * *

अण्णा आमचा गुळाचा व्यापारी, मूळचा नेसरीचा. माणूस असो की म्हैस, तो बरोबर मधोमध उभी करायचा. सरांनी टोकलं तर म्हणाला, "देव गाभाऱ्यात मधीच असतोय की, सर."

"देव बसलेला असतोय. तुझी म्हैस चालत्या. तिला फुडं जायाला वाट ठेव."

पुढच्या रविवारी अण्णानं म्हशीपुढं एवढी वाट ठेवली, की फोटोत म्हशीचं नुसतं तोंड आलं होतं.

* * *

मग त्याला जवळून फोटो काढायचा नाद लागला. शाहूवाडीकडं एका बैलाचे फक्त डोळे आणि शिंगं टिपली, आणि प्रिंट हौसेनं मालकाला नेऊन दिली. मालकानं ती उलटी करून मागची बाजूही तपासली.

"पावणं, ऱ्हायलेला बैल कुठं हाय?"

* * *

तिकडंच एकदा आम्ही भाताची लावण टिपायला गेलतो. सर बांधावरून ओरडत होते, "अण्णा, जवळ जा. अजून जवळ." अण्णा गेला आणि मांडीपर्यंत चिखलात रुतला. कॅमेरा मात्र त्यानं भिजू दिला नाही. तसाच रुतलेला असताना वाकलेल्या बायकांचा फोटो काढला.

सर म्हणाले, "आत्ता कुठं तुझी उंची बरोबर झाली."

तो फोटो खरंच सुंदर आला. तरी सरांनी वरचं बोटभर आभाळ कापलंच. त्या दिवशी अण्णानं चहा घेतला नाही. परतताना स्कूटरवर मागून मला म्हणाला, "सायेब, लोकं नावाजत्यात, पर सरांनी एकदा म्हणाय पायजे, अण्णाला नजर हाय. बाकी कायबी नको." मला वाईट वाटलं.

* * *

मंडळाचं प्रदर्शन होतं. अण्णाचे तीन फोटो लागले, तिन्ही कापलेले. मधल्या भिंतीवर सरांचा जुना, बक्षीस मिळालेला फोटो लावायचा होता. फोटो गुऱ्हाळाचा: उसाचा रस उकळणाऱ्या मोठ्या कढईवर, काहिलीवर वाकलेला, गूळ शिजवणारा गुळव्या, आणि मागं उंच धुराडं. आम्ही सगळे त्या फोटोला मान द्यायचो.

अण्णा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, जरा पुठ्ठे द्या की."

सरांनी खिशातून पुठ्ठे काढून दिले. अण्णानं धुराडं झाकलं, गुऱ्हाळाची अर्धी भिंतही झाकली. उरला गुळव्याचा चेहरा, हात आणि काहिलीतला फेस.

"पाक झाला का न्हाय, हे गुळव्या फेसावरनं वळखतोय. त्याची नजर फेसावर हाय, सर. आमची धुराड्यावर जात्या."

सर खाली वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पेन्सिलनं रेघ मारली आणि स्वतःच्या हातानं धुराडं कापून टाकलं.

संध्याकाळी सगळी गर्दी त्या फोटोपुढं होती. एका पाहुण्यानं विचारलं, "हा कुणाचा?"

सर म्हणाले, "काढला मी. बघितला अण्णानं."