उंदरांच्या मेंदूपाशी बसलेली माणसं

प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे, असा आमच्या लॅबचा नियम. त्यामुळे जे वहीत मावत नाही ते सगळं माझ्या डोक्यात जाऊन बसतं. बारा वर्षांत इतकं साठलंय की आता सांगितल्याशिवाय चैन पडत नाही!

आधी काम सांगते. मेंदूच्या पेशींत जुनी, मोडकी प्रथिनं तोडून टाकणारी एक यंत्रणा असते. साफसफाई खातंच म्हणा ना. उंदरांमध्ये ती औषधाने बंद पाडायची आणि मेंदूतल्या रसायनांचा तोल कसा ढळतो ते बघायचं. त्यातही डोपामिनचा. हालचाल सुरळीत ठेवणारं आणि एखादी गोष्ट हवीहवीशी वाटायला लावणारं रसायन ते.

*

आमच्या गुजराती शहरातल्या सुभानपुऱ्यात आमची आई सगळ्यांना सांगते, "मुलगी मेंदूची डॉक्टर आहे."

एकदा शेजारच्या काकू विसराळू काकांना घेऊन थेट घरी आल्या. मी म्हटलं, "अहो काकू, मी फक्त उंदरांना बघते!"

"चालेल गं," काकू म्हणाल्या, "ह्यांचं तरी आता कुठे वजन राहिलंय?"

*

आमच्या दिघे मॅडमचा कोणाच्याही मतावर विश्वास नाही. संक्रांतीला त्यांनी तिळाच्या लाडवांचे दोन डबे आणले. एकावर ए, दुसऱ्यावर बी. "एक मी केलाय, एक विकतचा. कुठला कुठला ते सांगणार नाही. मार्क द्या!"

आम्ही सगळ्यांनी भरभरून मार्क दिले. सगळे बी-ला. बी निघाला विकतचा.

मॅडमनी शांतपणे कागदाची घडी केली. "सॅम्पल साइझ लहान आहे," म्हणाल्या.

*

हेतल ही दिघे मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. साधी, सरळ, खोटं म्हणून बोलायची नाही. एकदा आम्ही दोघी बर्फाच्या डब्यात मेंदूचे नमुने घेऊन रिक्षाने हरणीच्या दुसऱ्या लॅबकडे निघालो. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "बेन, अंदर शुं छे?"

"ब्रेन," हेतल म्हणाली.

काकांनी जी रिक्षा पळवली! हॉर्न वाजवत, हात बाहेर काढून गाड्या बाजूला करत थेट दारात. भाडं घेईनात. पेशंटच्या काळजीने हात जोडून म्हणाले, "दरदी बची जशे ने?"

"ना काका, ए तो मरी गया," हेतल म्हणाली. "अगियार जणा हता."

अकरा जण गेले ऐकून काका फुटपाथवर मटकन बसले. त्यांना पाणी पाजण्यात बर्फ वितळायला लागला आणि मॅडमची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

*

आता हेतलच्या शेवटच्या बॅचची गोष्ट. मॅडम मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्याआधी ही बॅच नीट आली तरच पीएचडी, नाहीतर नवा गाइड आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बारा उंदीर. सहांना औषध दिलेलं, सहा ठणठणीत. कोण कुठला हे आम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून यादी मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटात. उंदराला फिरत्या दांड्यावर ठेवायचं. आजारी असेल तर तो लवकर पडतो.

आमच्याकडे उलटंच! सहा गुटगुटीत, चकचकीत उंदीर दोन सेकंदांत खाली. आणि सहा मरगळलेले आपले दांड्याला चिकटून!

तीन दिवस हेच. हेतल रडायलाच लागली. "दीदी, चार वर्षं पाण्यात गेली!" पोरीने दोन वर्षं घरातलं एक लग्न धड पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅडम स्वतः येऊन उभ्या राहिल्या. सात नंबरच्या उंदराला दांड्यावर ठेवलं. त्याने पिंजरे सांभाळणाऱ्या आमच्या रमणकाकांकडे पाहिलं आणि उडीच मारली. काकांनी त्याला अलगद झेललं, पाठ चोळली आणि खिशातून गाठियाचा, म्हणजे जाड शेवेचा, तुकडा काढून त्याच्या तोंडात दिला.

"रमणभाई, आ शुं?" मॅडम ओरडल्या.

"पडी जाय तो बिचाराने कंइक तो आपवुं पडे ने!"

म्हणजे पडणाऱ्याला रोज खाऊ! हेतलने डोकं धरलं. मॅडमनी मात्र विचारलं, "अने जे नथी पडता ए?"

"ए छ ने? रोज पांजरामां आपुं छुं, सूंघताय नथी. मांदा छे बिचारा." न पडणारे सहा पिंजऱ्यात दिलेला गाठिया हुंगतही नव्हते, आजारीच म्हणे. काकांनी बोटांवर मोजून त्यांचे नंबर सांगितले. "बे, पांच, छ, नव, दस, बार."

मॅडम आत गेल्या. कपाट उघडल्याचा आणि मग पाकीट फाडल्याचा आवाज आला. यादी हातात घेऊन बाहेर आल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. काकांचे सहाही नंबर औषध दिलेल्यांचेच होते; खाऊ हवासा वाटणंच त्यांच्यात बंद पडलं होतं.

"हेतल, डोळे पूस," त्या म्हणाल्या. "आणि गाठिया कुठल्या दुकानाचा ते विचारून घे. थिसिसमध्ये लिहावं लागेल!"