अकरा गुरुवारांची खिचडी

माझ्याइतकी मूर्ख बाई भाईंदरच्या अख्ख्या इंद्रलोकमध्ये शोधून सापडायची नाही, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तशी स्पर्धा बरीच आहे. तळमजल्यावरच्या बाई मैद्याची बिस्किटं पाकीटभर खातात, कारण पाकिटावर ‘डाएट’ लिहिलंय. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिमवरून आले की चहात चार खाऱ्या बुडवतात. खारीत नुसता डालडा असतो म्हणून सांगायला जा, तुम्हालाच शहाणपण शिकवतील. मी या सगळ्यांना हसायचे.

माझी लेक तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या वेळी आठशे मीटरमध्ये थोडक्यात मागे पडली होती, त्यामुळे या खेपेला तिने नोकरी सोडून धावायचंच मनावर घेतलं होतं. काशीगावच्या बाजूला एक निवृत्त हवालदार मुलींचा सराव घ्यायचे. त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. रोज दोन अंडी, मासे असतील तेव्हा मासे, डाळ-भात एकत्र आणि पोटभर, मूठभर शेंगदाणे, चमचाभर तूप. ‘ताई, खारी-टोस्ट बंद. त्याने पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही,’ एवढंच बोलले. मी मनात म्हटलं, लाठी चालवणाऱ्यांनी आता मला स्वयंपाक शिकवायचा.

चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि मी माझंच खरं केलं. अकरा गुरुवारांचा नवस बोलले. सोमवार तर माझा लग्नापासूनचा. नवसाचे दिवस संपेपर्यंत घरात अंडं-मासे बंद, आणि लेकीने माझ्याबरोबर दोन्ही उपास करायचे, कारण ज्याचं काम, त्याचाच उपास देव बघतो ना. ती एकदा म्हणाली, ‘आई, उपासाच्या दिवशी पायात जोर राहत नाही गं.’ मी म्हटलं, श्रद्धा कमी पडतेय.

त्यात आमच्या ह्यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला. रिपोर्ट ह्यांचा, शिक्षा सगळ्या घराला. तूप गेलं, दाण्याचा डबा माळ्यावर गेला, भाजीला तेल थेंबभर. म्हणजे उपासाची खिचडीसुद्धा दाण्याच्या कुटाशिवाय. उरलं काय? उकडलेले पांढरे मणी आणि बटाटा. ते मी वाटीवर वाटी वाढत होते, पहाटे पाच-पाच किलोमीटर धावून आलेल्या पोरीला. वर बजावायचे, हलकं असतं, पचायला बरं. बाकीच्या दिवशी वरण म्हणजे हळदीचं पाणी, आणि भाताचा डोंगर. माझ्या अकलेची कमाल होती.

भाईंदरच्या बाजारात आमची नेहमीची मासेवाली बसते, उत्तनची. तिने विचारलं, ‘महिना झाला, म्हावरा न्हाय नेलास. घरी कोण आजारी हाय काय?’ मी नवसाचं सांगितलं. ती बांगडे झाकत म्हणाली, ‘नवस तुजा. पोरीला कशाला उपाशी ठेवतेस?’ मला राग आला. हिला आमचं काय कळणार, असं म्हणून मी कोथिंबीर घेऊन घरी आले.

सहाव्या आठवड्यापासून लेकीची वेळ घसरायला लागली. शेवटच्या फेरीत पाय जड व्हायचे, दुपारी ती मेल्यासारखी झोपायची, केस विंचरताना हातात यायचे. हवालदारांनी फोन करून विचारलं, ‘ताई, जेवण नीट चाललंय ना?’ मी ठणकावून सांगितलं, चाललंय. आणि संध्याकाळी काय केलं? मीठ-मोहरी घेऊन पोरीची दृष्ट काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या बायकोची नजर लागली असं माझं पक्कं मत होतं. त्या बिचारीशी मी आठ दिवस बोलले नाही.

चाचणीची तारीख आली ती नेमकी अकराव्या गुरुवारची. मला वाटलं, हा तर साक्षात कौल. पहाटे तिला खिचडी भरवली आणि मैदानापर्यंत सोबत गेले. बाकीच्या मुलींच्या आया डब्यातून उकडलेली अंडी आणि गूळ-दाणे काढत होत्या. मी नाक मुरडलं.

पहिली फेरी तिने झकास मारली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर मला लांबून दिसलं, तिचे खांदे पडले. एकेक मुलगी तिला मागे टाकत गेली. ती थांबली नाही की चालली नाही, फरफटत शेवटपर्यंत गेली. शिट्टीवाल्याने आकडा सांगितला आणि पुढच्या गटाला बोलावलं. पुन्हा तेच, थोडक्यात हुकलं.

ती कुंपणापाशी येऊन बसली. ओठ पांढरेफटक. मी पिशवीतून उपासाचे वेफर्स काढले आणि, हे लिहिताना माझी मलाच चीड येते, तिला म्हणाले, ‘खा दोन, आज उपास आहे ना.’

तिने पाकीट हातात घेतलं, बघितलं आणि माझ्या मांडीवर परत ठेवलं. रडली नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, ‘आई, नवस माझ्यासाठी होता की तुझ्यासाठी?’

‘तुझ्यासाठीच गं,’ मी म्हणाले.

ती उठली. शेजारी एका मुलीची आई अंडी सोलत होती. लेक तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘काकू, मला एक द्याल का?’ माझ्याकडे पाठ करून तिने ते अंडं उभ्या-उभ्या खाल्लं, मग त्या बाईने न विचारता दिलेलं दुसरंही.