जगुभाऊंच्या चुका

आपल्या मूर्खपणाच्या गोष्टी इतक्या हौसेनं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आशागडला जगुभाऊंच्या चिकूच्या वाडीत दर रविवारी जुन्या मोटारींवर जीव टाकणारी मंडळी जमायची. कुणी नवखा फाटकाशी घुटमळताना दिसला, की जगुभाऊ बॉनेटखालून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "या, या. आधी चा घ्या, मग आमची अक्कल ऐका."

मीही अशीच घुटमळले होते. महाराष्ट्र-गुजरात वेगळे व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची जुनी मोटार मागे राहिली होती, ती चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं. पण आता ती थोडी धावली की बंद पडायची. दिरांनी निक्षून सांगितलं, "वहिनी, बाजारच्या दिवशी तलासरीला मी बरोबर येतो. वाटेत बंद पडली, तर तिथंच गिऱ्हाईक बघतो." त्यांचंही चुकत नव्हतं, बैल लावून गाडी ओढून आणायला तेच यायचे. पण गाडी गेली असती, तर घराबाहेर पडायला मला दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागलं असतं. ते मला नको होतं.

झाडाखाली सगळे पुरुष. त्यात तलासरीचे डॉक्टर, कडक इस्त्रीत, गंभीर चेहऱ्याचे. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

जगुभाऊंनी बशीत चहा ओतला. "वहिनी, मी पहिली गाडी घेतली ना, ती वाढवणच्या वाटेवर तापली. मी शहाणा! खाडीचं पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. नुसतं मीठ काढायचं बाकी होतं!"

सगळे खो-खो हसले. डॉक्टरही हसले, जरा उशिरा. मग मलाही बोलता आलं.

"बंद पडली की परत चालू कशी होते?" जगुभाऊंनी विचारलं.

"टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघते. असतं. झाकण लावून हँडल मारलं, की चालू."

"झाकण बघू."

मी अभिमानानं दाखवलं. "याला भोक पडलं होतं. पावसाचं पाणी जाईल म्हणून मेणानं बुजवलं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. जगुभाऊंनी त्याच्या हातात रिकामी किटली देऊन त्याला घरात पिटाळलं.

"ते भोक ठेवलेलंच असतं, वहिनी. पेट्रोल उतरेल तशी आत हवा यायला पाहिजे, नाहीतर पेट्रोल पुढं सरकत नाही. अंबाड्यातला आकडा काढा आणि तुम्हीच मोकळं करा."

त्यांनी स्वतः हात लावला नाही.

बाजारच्या दिवशी तलासरीला जाऊन आले. दीर शेजारी अंग चोरून बसले होते. गाडी कुठंही थांबली नाही. घरी उतरताना ते एवढंच म्हणाले, "उद्या मला स्टेशनला सोडाल का?"

मग माझा रविवार चुकेनासा झाला. खरं तर जगुभाऊंना यंत्रातलं फार कळायचं असं नाही. कार्ब्युरेटर उघडून परत बसवला की एखादा स्क्रू उरायचाच, तो ते गुपचूप खिशात टाकायचे. पण त्यांच्याकडे काहीही विचारता यायचं.

पुढं एकदा बोर्डीचे एक मास्तर आले, माझ्यासारखेच अवघडलेले. जगुभाऊ त्यांना म्हणाले, "मास्तर, मी तर टाकीच्या झाकणाचं भोक मेणानं बुजवलं होतं! दिसलं भोक की बुजव! आहे की नाही अक्कल?"

हशा पिकला. जगुभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे कान तापले, आणि मग डोळेच भरून आले. शेजारी बसलेले डॉक्टर कपात बघत हळूच म्हणाले, "खाडीचं पाणी माझं होतं."

जगुभाऊ गेले ते ध्यानीमनी नसताना, ऐन चिकू उतरवण्याच्या दिवसांत. त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या मुलानं फाटक उघडं ठेवलं. आम्ही जमलो, पण बॉनेट उघडायचा कुणाला धीर होईना. त्यांच्याशिवाय ती वाडी खायला उठत होती.

तेवढ्यात कासा गावचे एक दुकानदार फाटकाशी येऊन उभे राहिले. "जगुभाऊ आहेत का? गाडीचं विचारायचं होतं. अगदी साधं आहे, लाज वाटते."

मी उठले.

"या, या. आधी चा घ्या. मी गाडी चालवायला लागले ना, तेव्हा रेडिएटरमध्ये खाडीचं पाणी ओतलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसत दुकानदारांना म्हणाले, "हे काहीच नाही. मी टाकीच्या झाकणाचं भोक मेणानं बुजवलं होतं."