क्रियापदाचे गुण

हॉस्पिटलभर त्याला फूटपट्टी म्हणत, आणि मनातून हे नाव त्याला आवडायचं. वेतन विभागात बसून तो माणसांची कामं मोजायचा. समोरच्याला विचारायचा, "तुम्ही नेमकं काय करता?" आणि उत्तरातल्या क्रियापदाला गुण द्यायचा. 'मदत करतो'ला एक, 'करतो'ला तीन, 'तपासतो'ला पाच, 'ठरवतो'ला नऊ. गुणांवरून ग्रेड, ग्रेडवरून पगार, रजा आणि घरच्यांचे औषधोपचार. लिहायचं ते समोरच्याच्याच शब्दांत, हा नियम त्याचाच. त्याचा कोण अभिमान!

लोकही काही दुधखुळे नव्हते. कँटीनमध्ये एकमेकांना पढवून ठेवत, "त्याच्यासमोर 'मदत' म्हणू नकोस रे बाबा, मेलास!" लिफ्टवालासुद्धा छाती फुगवून सांगून गेला, "कुणाला आधी वर न्यायचं, ते मी ठरवतो." नऊ गुण घेऊन गेला पठ्ठ्या.

फक्त एका बाईला हे कुणी सांगितलं नाही. ती फूटपट्टीची सख्खी थोरली बहीण होती. भाऊ सांगेलच, असं सगळ्यांनी धरलं.

ताई तळघरातल्या खोलीत बावीस वर्षं होती. ऑपरेशनची हत्यारं तिथे तिच्या हाताखालच्या मुली धुऊन, वाफवून, ट्रेमध्ये बांधत. कुठला ट्रे कुठल्या ऑपरेशनला, वाफेचं मशीन रुसलं तर काय करायचं, एक चिमटा कमी भरला तर कुणाला अडवायचं, सगळं तिला तोंडपाठ. मोठमोठे सर्जन तिला विचारल्याशिवाय पुढे सरकत नसत. आई गेल्यावर ह्याला तिनेच वाढवलं होतं, स्वतःची शाळा सोडून. आता तिच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं, आणि ते तिच्या ग्रेडच्या जोरावर चालू होतं. एक पायरी खाली, की ते बंद.

साहेब म्हणाले होते, "बहिणीची मुलाखत दुसऱ्या कुणाला दे."

"माझ्याकडे आपलं-परकं नसतं, सर," हा म्हणाला. मेल्याला त्या वाक्याची केवढी गुर्मी!

ताई ओले हात पुसत येऊन बसली.

"तुम्ही नेमकं काय करता?"

"अरे, मला कसलं अहो-जाहो करतोस!" ती हसली. "काय करणार? मुलीच करतात सगळं. मी आपली मदत करते."

त्याचं पेन थबकलं. 'ताई, नीट सांग,' एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. जसंच्या तसं लिहिलं.

महिन्याभरात ग्रेड उतरल्याचं पत्र आलं. सर्जन भडकले, त्यांनीच ताईला अपील करायला लावलं. समितीसमोर बोलायच्या आदल्या दिवशी ती भावाच्या घरी आली. तिचं खरं ठरलं, की ह्याचा अहवाल खोटा ठरणार, हे तिला तेवढ्यात कुणीतरी समजावलं होतं.

"मी सगळं सांगितलं, तर तुला काही होईल का रे?"

काय होणार होतं? फार तर फायलीत एक शेरा, फार तर वर्षभर बढती लांबली असती.

"माझी नोकरी जाईल," तो म्हणाला.

ताई बराच वेळ चपलेचा पट्टा लावत बसली.

समितीत तिघं होते, आणि टिपणं घ्यायला हाच. अध्यक्षबाई भल्या होत्या. सर्जनचं पत्र हातात धरून त्यांनी विचारलं, "हे म्हणतात, ती खोली तुम्ही चालवता. ट्रे थांबवायचा की सोडायचा, कोण ठरवतं?"

"सगळे मिळून ठरवतात, बाई."

"आणि तुम्ही?"

"मी नुसती हाताखाली असते."

"नीट विचार करा. हे तुमच्याच भल्यासाठी विचारतेय."

"विचार करूनच आलेय," ताई म्हणाली.

अपील फेटाळलं. फूटपट्टीने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली तिची सही घेतली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती त्याच्यासाठी थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळे त्याला जरा हायसंच वाटलं, हलकटाला.

"तुझी नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"मग मंगळवारी ह्यांना डायलिसिसला कुठे न्यायचं, तेवढं सांग."

त्याने घड्याळात पाहिलं.

"ते माझ्याकडे येत नाही, ताई. खाली चौकशीच्या खिडकीवर विचार."