हिराआत्याची राखण

विमानाचा आवाज आला की हिराआत्या शेजारी जो कोणी असेल त्याचे कान आपल्या तळव्यांनी गच्च झाकायची. स्वतःचे नाही, दुसऱ्याचे. तिच्या इमारतीत भाड्याने खोली बघायला गेले तेव्हा पहिल्याच भेटीत तिने माझे झाकले. कोपरापर्यंत चढवलेल्या सोन्याच्या बांगड्या माझ्या जबड्याला टोचत होत्या आणि पाणी किती वाजता येतं ते ती सांगत होती, पण मला नुसते ओठ हलताना दिसत होते. आवाज विरल्यावर हात काढून म्हणाली, "इमान गेला गो. आता बोल."

मी नांदेडकडची. नवऱ्याची नोकरी पावणे गावातल्या एका कारखान्यात, म्हणून इकडे आलो. मी तिला अहो-जाहो करायला गेले तर कडाडली, "मी काय बँकेची म्यानेजर हाय? आत्या बोल, अगं बोल." तेव्हापासून ती माझीही आत्याच. गावठाणातली चार मजली इमारत तिची, आणि आवाजही चारही मजल्यांवर पोचणारा. कुणी पायपुसणं जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलं की त्याचा उद्धार व्हायचा. दिवाळे गावाहून येणाऱ्या मासळीवालीशी ती रोज भांडायची, रोज तिच्याकडूनच मासळी घ्यायची आणि त्यातला वाटा माझ्या दारात आणून ठेवायची. "खा गो. नुसती डाल खाऊन वालली."

आमच्या गावठाणामागे खाडीकडच्या अंगाला शांती स्मृती उद्यान आहे. महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांनी तिथली भातशेती सपाट करून विमानांची धावपट्टी केली होती. आता तिथे चालायला लाल फरश्या आहेत, सिमेंटचं एक जुन्या घाटाचं विमान आहे आणि मधोमध पांढरा बुद्ध. बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन तिथे जमतो. आत्या मात्र रोज संध्याकाळी मला हाताला धरून न्यायची आणि सिमेंटच्या विमानामागे, दोन खाटा मावतील एवढ्या मोकळ्या जागेत फतकल मारून बसायची. बाक रिकामं असलं तरी खालीच.

त्या जागेत माळ्याने कुदळ घातलेली तिला खपत नसे. "राखन हाय तिथं माजी," एवढं म्हटलं की माळी मागे सरे. राखण म्हणजे शिवेची राखण करणारा देव आणि त्याला द्यायचा मान, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अमावास्येला ती नारळ ठेवायची. फिरायला येणारे लोक तेवढ्यापुरत्या चपला काढून वळसा घालायचे. मी तशीच उभी राहायची. आमच्या घरात देव्हारा नाही, माझ्या वडिलांनी मला कुठल्या दगडापुढे वाकायला शिकवलेलं नाही. एकदा मी तिला डिवचलंही, "आत्या, बुद्धाच्या बागेत तुझ्या देवाचं अतिक्रमण झालंय."

"तुजा बुद्ध काय बोलत नाय, तू कशाला बोलतेस?" ती म्हणाली आणि पोट धरून हसली.

मग पलीकडचा नवा विमानतळ सुरू झाला. विमानं खूप खालून जाऊ लागली. आत्याचं हसणं कमी झालं. एका संध्याकाळी आवाज आला आणि मी सवयीने मान पुढे केली, तर तिने माझ्या कानांना हात लावलाच नाही. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. विमान गेलं तरी उचलले नाहीत.

"जमीन हालते गो," ती म्हणाली.

"देव रागावला का?" मी हसण्यावारी न्यायला बघितलं.

"देव नाय इथं. बाम हाय."

हे तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं की मी आधी त्या आवाजालाच घाबरले. गोरे निघून जाताना उरलेसुरले बॉम्ब खड्डे काढून पुरून गेले. तिचा बाप तेव्हा लहान होता. त्याचा थोरला भाऊ पितळ मिळेल म्हणून इथे खणायला आला. "बा सांगायचा, घरी आनला तो अर्धाच." पुढे इथे पुन्हा शेती सुरू झाली तरी बापाने या तुकड्यात नांगर घातला नाही, आणि मरताना तिला बजावलं की इथे कुणाला खणू देऊ नकोस. कान झाकायची सवयही बापाचीच.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगितला ना! पोलीस बाम शोधाची मशीन घेऊन आलं, वरच्यावर फिरवली, काय नाय म्हनून हसत गेलं. मंग मी राखन सांगितली. बाम म्हटला तं हसतान गो, देव म्हटला तं चपला कारतान."

आत्या त्याच पावसाळ्यात गेली, झोपेत. मी माझ्या आईसाठी रडले नव्हते इतकी रडले. तेरावं झाल्यावर तिचा मुलगा जयेश सांगत आला, "वहिनी, आईच्या आवडत्या जागी झाड लावतोय आमी. परमिशन पन भेटली. सकाळी या."

मी त्याला सगळं सांगितलं. तो समजूतदारपणे हसला. "आईचा बाम? अवो, मशीन फिरवलेली तिकरं. टेन्शन नका घेऊ." मी पोलिसांत जाऊन आले, तिथेही तेच उत्तर आणि तेच हसू.

सकाळी सगळे जमले होते. आंब्याचं रोप, पाण्याची कळशी, आत्याचा हार घातलेला फोटो. माळी कुदळ घेऊन तयार. लांबून विमानाची घरघर सुरू झाली होती. जयेश म्हणाला, "मार." माळ्याने कुदळ डोक्यावर उचलली.

"थांबा!" मी ओरडले. समोर पांढरा बुद्ध होता, आणि मला माझे वडील आठवले. "इथं देव आहे. आत्याची राखण आहे इथं. खणाल तर घराला भोवेल!"

कुदळ हवेतच थांबली. विमान अगदी डोक्यावर आलं. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, हालतेय का ते बघायला. सगळ्यांना वाटलं मी नमस्कार करतेय. माझ्या मागे जयेश बूट काढत होता.